दाराआडचा माणूस : बुलढाणा जिल्ह्यातील कुलूप, किल्ली आणि मोटार

मोटारीची किल्ली आत राहावी, दारे बंद व्हावीत आणि मालकाने बाहेर उभे राहून काचेतून ती किल्ली पाहत बसावे, ही आपत्ती वयाने फार लहान आहे. तिच्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : किल्ली न फिरवताच लागणारे कुलूप, गाडी स्वतः चालवणारा व स्वतःच बंद करणारा एकटा माणूस, आणि त्या बंद दाराच्या आत दुसरे कोणीही नसणे. बुलढाणा जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी सर्रास एकत्र येण्यास विसाव्या शतकातील नववे दशक उजाडावे लागले. त्यापूर्वीची माणसे कमी विसराळू होती असे मानण्यास काही आधार नाही. त्यांच्या विसराळूपणाची किंमत कमी होती एवढेच, कारण दाराच्या आत कोणीतरी असेलच या गृहीतकावर दार, कडी, कुलूप आणि पुढे पहिली मोटारसुद्धा उभी होती. वऱ्हाडच्या या पश्चिम टोकाला कुलपाचा इतिहास पाहू गेल्यास तो धातूच्या व यंत्राच्या इतिहासाइतकाच या दाराआडच्या माणसाचा, आणि तो माणूस हळूहळू नाहीसा होत गेल्याचा इतिहास ठरतो.

जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. उत्तरेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आहे; त्याला पायनघाट म्हणतात आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही गावे त्यात येतात. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगेवरचा उंच प्रदेश, म्हणजे बालाघाट असून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ही गावे त्यात मोडतात. दख्खन आणि माळवा यांच्यामधल्या वाटेवर असल्याने या मुलखाने लढाया पुष्कळ पाहिल्या. १५९० मध्ये रोहिणखेडला निजामशाहीच्या वारसाहक्काची लढाई झाली आणि १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे मुबारिजखानाचा पराभव करून निजामाने दख्खनमधील आपली सत्ता पक्की केली. फौजा गेल्या की पेंढारी येत. त्यामुळे मातब्बर गावांभोवती कोट, गावात देशमुख-पाटलांच्या गढ्या आणि प्रत्येक गढीला एकच मोठे दार, अशी रचना या भागात रूढ झाली. गढी म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींनी बांधलेले, बुरूज असलेले तटबंद घर.

सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांचा वाडा हे या दारसंस्कृतीचे जिल्ह्यातील सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म येथे झाला असे मानले जाते आणि त्या निमित्ताने दरवर्षी येथे मोठा समुदाय जमतो. मात्र त्या भव्य प्रवेशद्वाराकडे दार म्हणून पाहणारे विरळाच. अशा दाराला बाहेरून कुलूप लावण्याची सोय मुख्य नसते. त्याचे खरे बळ आतल्या अडसरात असते. अडसर म्हणजे दाराच्या पाठीमागे आडवा सरकवायचा जाड लाकडी वासा; दिवसा तो भिंतीतल्या खोल पोकळीत ढकललेला राहतो आणि रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवला जातो. या दाराच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे छोटे दार असते, ते दिंडी. आतल्या बाजूस पहारेकऱ्यांच्या ओट्या, म्हणजे देवड्या असतात. मोठे दार एकदा लागले की पहाटेपर्यंत उघडायचे नाही आणि उशिरा येणाऱ्याने दिंडीपाशी नाव सांगायचे, आतल्याने आवाज ओळखायचा, मग दिंडी उघडायची, असा हा व्यवहार होता. वाकून आत शिरणाऱ्याच्या हातात शस्त्र असले तरी ते उगारता येत नाही, ही त्यातली लष्करी हुशारी.

या व्यवस्थेत बाहेर राहण्याची आपत्ती होतीच, पण ती वेळेची होती, किल्लीची नव्हती. रायगडाची दारे संध्याकाळी लागल्यावर तान्ह्या मुलासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका मराठी माणसाला पाठ असते. त्या कथेतला पेच आत अडकण्याचा असला तरी त्याचे मूळ हेच, की दार ठरल्या वेळी लागते आणि उघडण्याचा अधिकार एका विशिष्ट माणसाकडे असतो. किल्ली हरवली असे त्या कथेत कोणी म्हणत नाही, कारण हरवण्यासारखी किल्ली कोणाच्या हातात नव्हतीच. माणूस हीच किल्ली होती, आणि तिला झोप लागू शकते किंवा लाच देता येते हे तिचे दोष सर्वांना ठाऊक होते.

साध्या शेतकऱ्याच्या घरी या रचनेची छोटी आवृत्ती असे. पायनघाटातील धाब्याचे घर, म्हणजे लाकडी वाशांवर मातीचे सपाट छत घातलेले घर, बहुधा एकाच मुख्य दाराचे. दाराला आतून कडी किंवा लाकडी खिटी, बाहेरून साखळी आणि कोयंडा. कोयंडा म्हणजे ज्यात साखळीचे टोक अडकवून त्यातून कुलूप घालतात तो चौकटीवरचा लोखंडी आकडा. हे सारे सामान गावचा लोहार घडवी. नांगराचा फाळ शेवटणे, विळे-कुऱ्हाडी करणे हे त्याचे बलुत्याचे काम, म्हणजे वर्षअखेर धान्याच्या वाट्यावर करायचे काम होते आणि कडी-कोयंडा त्याच हातून तयार होई. कुलुपे मात्र बरीचशी बाजारातून येत. त्यांतली काही आट्यांची असत, म्हणजे त्यांची किल्ली स्क्रूसारखी फिरवत नेल्यावर आतला दांडा मागे सरके. काहींची किल्ली ढकलायची असे. ती आत गेली की बाणाच्या पात्याप्रमाणे फाकलेल्या पोलादी पट्ट्या दाबल्या जात आणि कुलपाची कडी सुटे. लावताना हे ढकलकुलूप नुसते दाबले की बसते, किल्ली लागत नाही. म्हणजे किल्लीविना बंद होणाऱ्या कुलपाची कल्पना जुनीच आहे. तरीही त्यातून बाहेर अडकण्याचा प्रसंग क्वचितच येई, कारण हे कुलूप लावणारा माणूस दाराबाहेर उभा असे आणि किल्ली त्याच्याजवळ किंवा घरच्या बाईच्या कमरेला असे.

कमरेचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे. घरातील कोठी, पेटी, फडताळ यांच्या किल्ल्यांचा जुडगा घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला असणे हे तिच्या अधिकाराचे चिन्ह होते आणि त्यासाठी छल्ला नावाचा स्वतंत्र चांदीचा दागिना होता : वर कमरेला अडकवायचा नक्षीदार आकडा, खाली किल्ल्यांची कडी. खामगाव हे चांदीच्या बाजारासाठी नावाजलेले गाव असल्याने हा दागिना या भागाला परका राहिला नाही. किल्ली अंगावरच बांधलेली असावी, ठेवायची वस्तू असूच नये, हा किल्ली न विसरण्याचा सर्वांत जुना व सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि पुढच्या काळात त्यात कोणी मोठी सुधारणा केली असे म्हणवत नाही. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेकडे कधी येतो यावर घराघरांतून जे राजकारण चाले ते वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे.

घर पूर्ण रिकामे पडे ते कापूस वेचणीच्या आणि ज्वारी काढणीच्या दिवसांत. तेव्हा कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवणे, दारावरच्या कोनाड्यात ठेवणे किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ओसरीवर बसवून जाणे, हे तीन मार्ग असत. कोनाड्यातली किल्ली साऱ्या गल्लीला माहीत असे. शहरी नजरेला हा भाबडेपणा वाटतो. पण ज्या वस्तीत परका माणूस वेशीपासूनच ओळखू येई तेथे किल्ली लपवण्यापेक्षा तिची जागा चार शहाण्या माणसांना ठाऊक असणे हेच अधिक सुरक्षित होते.

हा हिशेब कापसाने बदलला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला इंग्लंडमधून अपूर्व मागणी आली आणि १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हा मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. खामगाव त्या मार्गावर नव्हते. म्हणून जलंबपासून सुमारे १३ किलोमीटरचा खास फाटा काढण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्यात आले. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्यांनी तेथे आपली खरेदीकेंद्रे थाटली, सरकी काढणारे जिनिंग कारखाने व गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले आणि हंगामात रोख रकमेची ये-जा सुरू झाली. अडत्या, म्हणजे शेतकरी व खरेदीदार यांच्यामधला मध्यस्थ व्यापारी, आपल्या पेढीवर रात्री जेवढी रोकड ठेवू लागला तेवढी पूर्वी गढीतही नसेल. कोनाड्यातली किल्ली आता पुरणार नव्हती. भिंतीत बसवलेली तिजोरी, तिची लांब दांडीची किल्ली आणि ती किल्ली जवळ बाळगणारा मुनीम, हे पेढीचे नवे त्रिकूट झाले.

किल्ली विसरणे, हरवणे किंवा किल्लीवाला माणूसच मरण पावणे, या शक्यतांचा पहिला पद्धतशीर विचार मात्र सरकारी खजिन्याने केला. जिल्ह्याच्या ठिकाणचा खजिना हा महसुलाची रोकड, मुद्रांक आणि मौल्यवान दस्तऐवज ठेवण्याची जागा होती. तेथील भक्कम खोली दुहेरी कुलपाखाली असे; एक किल्ली खजिना अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. चोरीला आळा घालणारी ही योजना अडचणीलाही आमंत्रण देते, कारण दोघांपैकी एकाची किल्ली हरवली की खजिना बंद. म्हणून नियमांनी प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात, दुसऱ्याच ठिकाणी ठेवण्यास सांगितले आणि त्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठरवून दिली. एवढ्यावर न थांबता वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, ती जादा किल्ली मागवून तपासावी, नव्याने मोहोरबंद करून परत पाठवावी आणि नोंदवहीत तसा शेरा मारावा असाही नियम झाला. जादा किल्ली असणे वेगळे आणि तिने कुलूप खरोखर उघडते याची खात्री असणे वेगळे, हे त्या कारकुनी नियमाने ओळखले होते. आजच्या मोटारमालकांपैकी किती जण आपली दुसरी किल्ली वर्षातून एकदा दाराला लावून पाहतात, असा प्रश्न विचारल्यास त्या रुक्ष नियमाची योग्यता कळते.

घराच्या दाराला आपोआप लागणारे कुलूप आले ते पाश्चात्त्य संशोधनातून. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ च्या सुमारास लहान, चपट्या, दातेरी किल्लीचे कुलूप सिद्ध केले. त्यात वेगवेगळ्या उंचीच्या छोट्या खुंट्या स्प्रिंगने दाबलेल्या असतात आणि योग्य किल्लीचे दाते त्या सर्वांना एका पातळीवर आणतात तेव्हाच आतली नळी फिरते. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना काढला आणि पुढे तिजोऱ्याही बनवल्या. तिकडे अलिगढची कुलुपे स्वस्ताईच्या जोरावर गावोगावच्या आठवडी बाजारांत पोहोचली. येलच्या तत्त्वावरचे नाइट लॅच, म्हणजे दार नुसते ओढून घेतले की स्प्रिंगच्या जिभेने आपोआप लागणारे कुलूप, जिल्ह्यात प्रथम आले ते सरकारी निवासस्थानांत, वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांत आणि पुढे नोकरदारांच्या वसाहतींत. वाऱ्याने दार लागले आणि किल्ली आत राहिली, हे वाक्य त्या दारांबरोबरच जन्माला आले. ते ऐकू येई तेही नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या घरांतून अधिक, कारण एकत्र कुटुंबाच्या घरात हाक मारली तर कडी काढायला कोणीतरी असतेच.

मोटारीची कथा वेगळ्या वाटेने सुरू होऊन याच ठिकाणी येते. भारतात पहिल्या मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. वऱ्हाडात त्या आल्या तेव्हा बडे जमीनदार, जिनिंगचे मालक आणि सरकारी अधिकारी हेच त्यांचे धनी होते. त्या काळातील बहुतेक गाड्या उघड्या होत्या आणि ज्या गाडीला छप्पर कापडाचे आहे तिच्या दाराला कुलूप लावण्यात अर्थ नव्हता. किल्ली असे ती फक्त इंजिनाच्या विजेची जोडणी करण्यासाठी. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या जगभर खपलेल्या गाडीच्या किल्ल्या तर पुढच्या काळात अवघ्या २४ प्रकारांच्या होत्या आणि कोणती किल्ली लागते त्याचा क्रमांक कुलपाच्या तबकडीवरच कोरलेला असे. चोराला हे वरदान होते. पण ज्याची किल्ली हरवली आहे त्यालाही ते तितकेच वरदान होते, आणि सुरक्षितता व सोय यांच्यातला हा सौदा पुढच्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा नव्याने ठरत गेला.

या गाड्यांचे खरे कुलूप म्हणजे ड्रायव्हर. मालक कापसाच्या बाजारात, कोर्टात किंवा लग्नात असे आणि ड्रायव्हर गाडीपाशी. उन्हाळ्यात तो गाडीच्या सावलीत झोपे, हिवाळ्यात आत. किल्ली त्याच्या खिशात असे आणि ती हरवल्यास अडचण त्याची होई. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या, त्यांना बाजूला ताडपत्रीच असे. पुढे याच जातीच्या गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात मोताळा, संग्रामपूर, लोणार अशा गावांच्या फाट्यांवर प्रवासी भरू लागल्या. त्यांत माणसे दाराबाहेरही लोंबकळत असल्याने दार लागण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर आणि मुंबईच्या प्रीमियर कंपनीची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, या बंद गाड्यांना मात्र दाराची कुलुपे होती. अँबॅसेडर प्रामुख्याने सरकारी अधिकारी, पुढारी आणि कारखानदार यांची. म्हणजे तिच्यातही ड्रायव्हर होताच. तरीही कधी किल्ली आत राहिलीच तर पुढच्या काचेलगतची छोटी त्रिकोणी काच, जी हवा येण्यासाठी खिट्टीवर फिरे, ती उपयोगी पडे, कारण जुन्या गाडीत तिची खिट्टी सैल झालेली असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ड्रायव्हर गाडीतून उतरला. बुलढाणा, खामगाव, मलकापूर येथील डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी प्रथमच स्वतःची गाडी स्वतः चालवू लागले. या पिढीच्या गाड्यांच्या दाराला काचेजवळ एक खुंटी असे. ती खाली दाबून दार लावले की कुलूप लागे. किल्ली आत राहू नये म्हणून अनेक गाड्यांत अशी योजना होती की ड्रायव्हरच्या दाराची खुंटी दाबून दार लावल्यास ती पुन्हा वर उसळे; बाहेरचे हँडल उचलून धरून दार लावले तरच कुलूप कायम राही. योजना चांगली होती. पण घाईत असलेल्या माणसाला हँडल उचलून दार लावण्याचीच सवय झाली आणि जो अडथळा विचार करायला लावण्यासाठी ठेवला होता तो हाताला पाठ होऊन गेला. शिवाय पलीकडच्या दारांना तो अडथळा नव्हताच. बाहेर राहिलेल्या माणसाच्या मदतीला गॅरेजमधला पोरगा, लोखंडी फूटपट्टी आणि काचेचा रबर हे त्रिकूट धावून येई. पट्टी काचेच्या फटीतून सोडून आतली सळई ओढण्याचे ते कसब चोरालाही अवगत असते आणि मिस्त्रीलाही, फरक मालक शेजारी उभा आहे की नाही एवढाच.

याच काळात जिल्ह्याच्या बाजारपेठांत किल्ली करणाऱ्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. महाराष्ट्रात व मध्य भारतात हा व्यवसाय करणाऱ्यांपैकी अनेक जण सिकलीगर शीख समाजातले आहेत. शस्त्रे घडवणे, त्यांना धार व झिलई देणे हा त्यांचा परंपरागत धंदा; इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर, तो आटत गेला आणि लोखंडाशी असलेले नाते टिकवत ते तवे, कढया, झारे व किल्ल्या यांकडे वळले. रस्त्याच्या कडेला पेटीवर किल्ल्यांच्या माळा टांगून बसलेला हा कारागीर शिकंजा, कानस आणि कोऱ्या किल्ल्यांची थैली एवढ्या भांडवलावर काम करतो. मूळ किल्ली हाती नसली तरी कोरी किल्ली कुलपात घालून दाबायची, आतल्या पट्ट्यांनी तिच्यावर उमटवलेले सूक्ष्म ओरखडे वाचायचे, तेथे कानस मारायची, पुन्हा घालून पाहायचे, असे करत तो किल्ली तयार करतो. वऱ्हाडात जिला सर्रास चाबी म्हणतात ती अशी डोळे आणि बोटे यांच्या साक्षीने होते. कुलूप ज्या नेमकेपणाने चोराला अडवते त्याच नेमकेपणाचा माग काढून ते उघडण्याचे हे काम विश्वासावर चालते, आणि म्हणून बाजारातला जुना, सर्वांच्या ओळखीचा चाबीवाला हाच लोक पसंत करतात.

पुढचे बदल झपाट्याने झाले आणि त्यांची दिशा परस्परविरुद्ध होती. एक बटण दाबताच चारही दारे लावणारे सेंट्रल लॉकिंग आले. त्याने सोय झाली आणि चूकही चौपट झाली, कारण पूर्वी एखादे दार उघडे राहून माणूस वाचे. किल्लीच्या मुठीत बसवलेली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी इमोबिलायझर यंत्रणा युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली आणि हळूहळू भारतीय गाड्यांतही रुळली. त्यामुळे कानशीने घासून केलेली किल्ली दार उघडते पण गाडी सुरू करत नाही. दार उघडण्यापुरती साधी किल्ली स्वस्तात करून ती पाकिटात बाळगावी, हा शहाणपणाचा मार्ग त्यातूनच निघतो आणि तो फारच थोडे लोक वापरतात. त्यानंतर खिशातून बाहेरच न काढता चालणारी स्मार्ट किल्ली आली. ती आत असल्याचे गाडीला कळले तर दारे लागत नाहीत, अशी तिची ख्याती आहे. पण छोट्या नाण्याएवढी तिची बॅटरी क्षीण झाली, किंवा ती धातूच्या डब्यात वा इतर यंत्रांच्या गर्दीत ठेवली गेली, तर गाडी तिला ओळखत नाही. अशा बहुतेक किल्ल्यांच्या पोटात एक चपटी धातूची किल्ली दडवलेली असते आणि दाराच्या हँडलवर, कधी टोपणाखाली, तिच्यासाठी छिद्र असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ही माहिती असते आणि पुस्तिका गाडीच्या कप्प्यात, म्हणजे बंद दाराच्या आत असते.

किल्ली आत राहणे ही पायनघाटात केवळ गैरसोय राहत नाही. उन्हाळ्यात मलकापूर-खामगावकडे पारा ४० अंशांच्या बराच वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे आतले तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा साधारण १८ अंशांनी वाढू शकते. आत मूल असेल तर चाबीवाल्याची वाट पाहायची नसते. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडायची असते. बाजूच्या काचा फुटल्यावर बोथट दाण्यांत विखुरतात, पुढची मोठी काच मात्र दोन थरांमध्ये पापुद्रा असलेली असते आणि ती फोडण्यात वेळ जातो. आत कोंडले जाण्याच्या धोक्याची दखल कायद्यानेही घेतली. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत विजेचा पुरवठा तुटला तरी दार हाताने उघडता यावे अशी सोय सक्तीची झाली आणि त्याच तारखेपासून टॅक्सीमध्ये मागची दारे आतून न उघडू देणाऱ्या चाइल्ड लॉकला मनाई झाली. बंद दाराची भीषण बाजू जिल्ह्याने १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर पाहिली. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एक खाजगी प्रवासी बस डाव्या बाजूवर उलटून पेटली, दार खाली दबले गेले आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. तेथे प्रश्न कुलपाचा नव्हता, पण दुसऱ्या वाटेने बाहेर पडता येणे हा दाराइतकाच महत्त्वाचा विचार आहे हे त्या घटनेने दाखवले.

या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो जिल्ह्यातील मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्यावर किल्ली आत राहिली तर पुढच्या फाट्यावर चहावाला, पंक्चरवाला, एखादा ओळखीचा माणूस भेटे. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेल्या द्रुतगती मार्गावर असा कोणी नसतो. मदत फोनवरून बोलवावी लागते, आणि किल्लीबरोबर फोनही आत राहण्याची सवय माणसांना असते. प्रवासात दोन माणसे असतील तर दोघांच्या अंगावर एकेक किल्ली, हा नियम अशा रस्त्यासाठी खजिन्याच्या दुहेरी किल्लीइतकाच काटेकोर असायला हवा.

याउलट शेतशिवारात मॉडेल टीचा काळ अजून संपलेला नाही. एकाच कंपनीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना एकच सामाईक किल्ली चालते, त्यामुळे मळ्यात किल्ली विसरलेला शेतकरी शेजाऱ्याची किल्ली लावून ट्रॅक्टर घरी आणतो. त्या ट्रॅक्टरचे रक्षण किल्ली करत नाही. तो कोणाचा आहे आणि कोणाच्या हातात शोभतो हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असणे, हेच त्याचे रक्षण करते.

मोटारीला मात्र दोन मूळ किल्ल्यांचा हिशेब द्यावा लागतो. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात आणि एक नसेल तर दावा अडतो. जुन्या गाडीच्या व्यवहारातही दुसरी किल्ली नसल्यास गिऱ्हाईक भाव पाडते, कारण चिप असलेली नवी किल्ली अधिकृत विक्रेत्याकडून करवून घेणे साध्या किल्लीच्या तुलनेत कितीतरी महाग पडते आणि त्यासाठी अनेकदा गाडी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागते. म्हणून दुसरी किल्ली गाडीच्या चाकाआड चुंबकाने चिकटवून ठेवण्याची युक्ती आता मागे पडत आहे. ती किल्ली घरी, नोंद करून, ज्याला फोन लावता येईल आणि जो ती घेऊन निघू शकेल अशा माणसाच्या हवाली असते. आणि गाडीसोबत मिळालेली किल्लीच्या क्रमांकाची पत्र्याची चकती किल्लीच्याच कडीत न ठेवता आर.सी. बुकाच्या फायलीत ठेवावी, असे चाबीवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असतात.